समुद्र नसलेल्या शहरात समुद्राचे पाणी
घरगुती प्रवाळपेटीसाठी खारे पाणी कसे तयार करतात आणि कसे साठवतात

गुरुग्रामपासून सर्वांत जवळचा समुद्र गुजरातचा. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास भरते. तरीही या शहरातील उंच इमारतींमधल्या काही सदनिकांत काचेच्या पेट्यांत समुद्र नांदतो आहे. निळ्या दिव्यांखाली डोलणारे मऊ प्रवाळ, समुद्रफुलांच्या आडोशाला राहणारे नारिंगी-पांढरे विदूषक मासे, वाळू चाळत फिरणारे शंख, असे त्याचे रूप असते. पाहुण्यांचे लक्ष माशांकडे जाते. घरच्यांचा बराचसा वेळ मात्र ज्या गोष्टीत जातो ती बहुधा स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत, झाकण लावलेल्या एका पिंपात असते. ती म्हणजे घरी तयार केलेले समुद्राचे पाणी.

मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची गोष्ट वेगळी होती. मरीन ड्राइव्हवरील त्या वास्तूसमोर समुद्रच होता. गुरुग्रामच्या रहिवाशाला प्रत्येक लिटर पाणी स्वतः घडवावे लागते. दोनशे लिटरची पेटी प्रथम भरायला सुमारे साडेसात किलो कृत्रिम सागरी मीठ लागते. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे ठरवले, तर वीस लिटर नवे पाणी आणि पाऊण किलो मीठ हा कायमचा खर्च होतो. या खर्चाला आणि कष्टाला पर्याय शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक पेट्या त्या मोहापायीच बिघडतात.

मीठ गुरुग्रामला नवे नाही

या जिल्ह्याचा मिठाशी जुना संबंध आहे. सुलतानपूर आणि फरुखनगर परिसरातील भूजल खारे असून तेथील विहिरींचे पाणी उन्हात आटवून पूर्वी मीठ काढले जात असे. ‘सुलतानपुरी’ या नावाने ते उत्तर भारतात विकले जाई. फरुखनगरला १८७३ साली लोहमार्ग पोहोचला तोही मुख्यतः या व्यापारामुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ब्रिटिश सरकारच्या मीठकरापुढे हा उद्योग टिकला नाही. आज सुलतानपूर हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान असून २०२१ साली त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.

मग घराजवळच्या खाऱ्या विहिरीचे पाणी किंवा राजस्थानातील सांभर सरोवराचे मीठ वापरून काम का भागत नाही? खारेपणा सारखा असला तरी त्यातील घटक सारखे नसतात, हे त्याचे उत्तर. सांभरच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड, सल्फेट आणि कार्बोनेट भरपूर असतात, परंतु कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फारच थोडे. प्रवाळाला आपला सांगाडा उभारण्यासाठी नेमके हेच दोन लागतात. स्वयंपाकघरातील मीठ तर जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. त्यात आयोडीन आणि मीठ सुटे राहावे म्हणून घातलेले पदार्थही असतात. अशा पाण्यात मासा काही काळ तग धरील. प्रवाळ धरणार नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, तर कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास असते. उरलेल्या किंचित भागात बायकार्बोनेट, ब्रोमाइड, स्ट्राँशियम आणि इतर अनेक मूलद्रव्ये येतात. महत्त्वाची बाब अशी की, खुल्या महासागरात पाणी कमी-अधिक खारट असले तरी या घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ बदलत नाही. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी पृथक्करण केले आणि १८८४ साली हे प्रमाण पक्के केले. कृत्रिम सागरी मीठ बाजारात मिळू शकते ते या स्थिर प्रमाणामुळेच. एकदा पाककृती ठरली की ती कोणत्याही गावी रांधता येते.

पहिला प्रयत्न मात्र त्याहून जुना आहे. लंडनमध्ये १८५४ च्या सुमारास निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांना समुद्रापासून दूर सागरी जीव सांभाळायचे होते. त्यांनी साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चार क्षारांपासून पाणी तयार केले. आजच्या गुरुग्रामकराची अडचण दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनकराच्या अडचणीहून फारशी वेगळी नाही. फरक आहे तो नळाच्या पाण्यात.

पेटीत काय ठेवता येते

पाण्याकडे वळण्यापूर्वी कायद्याची एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण हौसेच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडे आणि काही महाकाय शिंपलेही संरक्षित आहेत. अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात, कच्छचे आखात किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला दगडी प्रवाळाचा तुकडा, तो मेलेला असला तरीही, घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास, तसेच किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

परदेशी दगडी प्रवाळांची आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात नोंद आहे. त्यांच्या आयातीस परवाना लागतो. करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी, असे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले आहेत. विक्रेत्याने तोंडी दिलेली ‘हे सगळे चालते’ ही हमी न्यायालयात उपयोगाची नाही.

याचा अर्थ छंदच बेकायदा आहे असा नव्हे. कृत्रिम खडक, बंदिस्त अवस्थेत पैदास केलेले मासे आणि अनुसूचीत नसलेले जीव यांची पेटी उत्तम सजते. विदूषक माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशातच विकसित केले आहे. असे मासे समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा पेटीत लवकर रुळतातही. जीव कोणतेही असोत, पाणी मात्र त्यांना एकाच दर्जाचे लागते.

माणसाला चालते, प्रवाळाला नाही

गुरुग्रामला कालव्याचे पाणी मिळते. बसई आणि चंदू बुढेरा येथील केंद्रांत ते शुद्ध होऊन शहरात येते. अनेक वसाहती त्याला कूपनलिकांची किंवा टँकरच्या पाण्याची जोड देतात. परिणामी, एकाच नळाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे पाणी येऊ शकते. भूजलाचा वाटा वाढला की विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, म्हणजे ज्याला सर्वजण टीडीएस म्हणतात ते, झपाट्याने वाढते. गीझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळांवर साचणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा होय.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट मान्य करते. प्रवाळ बेटांभोवतीच्या समुद्रात हे प्रमाण एक मिलिग्रॅमच्याही खाली असते. हेच मानक तांब्याची इष्ट मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम ठेवते आणि पर्यायी स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत सवलत देते. कोलंबी, शंख, समुद्रफुले यांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना तांब्याचे काही शतांश मिलिग्रॅमदेखील घातक ठरू शकतात. निर्जंतुकीकरणासाठी नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, अशी अपेक्षा आहे. नळाचे पाणी माणसासाठी निर्धोक असणे आणि पेटीसाठी निर्धोक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडेल. पाणी बदलण्याचा मुख्य हेतू साचलेली घाण पातळ करणे हा असतो. दर वेळी दहा टक्के पाणी बदलले, तर दहा बदलांनंतर जुन्या पाण्यातील नायट्रेटचा सुमारे ३५ टक्के भाग उरतो. परंतु नव्या पाण्यातच ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर शंभर वेळा बदलूनही पेटीतील प्रमाण ४० च्या खाली येणार नाही. मग हिरवे शेवाळ काचेवर चढते आणि दोष मिठाला किंवा दिव्यांना दिला जातो.

घरात पिण्यासाठी बसवलेले आरओ यंत्र हा सोयीचा वाटणारा मार्गही पुरेसा नाही. त्या यंत्रांत चव राखण्यासाठी थोडे न गाळलेले पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस पन्नास ते दीडशे असू शकतो. पिण्यासाठी ते ठीक. पेटीसाठी हवा असलेला आकडा शून्य आहे.

शून्यापर्यंतचा प्रवास

तो आकडा गाठण्यासाठी पाणी चार टप्प्यांतून जाते. गाळ अडवणारी जाळी, क्लोरीन शोषणारा सक्रिय कोळसा, विरुद्ध परासरणाचे पटल आणि शेवटी आयन अदलाबदल करणारे रेझिनचे मणी, असा हा क्रम असतो. कोळसा पटलाच्या आधी असतो तो योजनापूर्वक, कारण क्लोरीन पटलाला खराब करते. पटल ९० ते ९८ टक्के क्षार रोखते आणि उरलेले रेझिन उचलते.

गुरुग्राममध्ये खर्च वाढतो तो या शेवटच्या टप्प्यात. नळाच्या पाण्याचा टीडीएस २०० असेल आणि पटल ९५ टक्के क्षार अडवत असेल, तर रेझिनच्या वाट्याला १० येतात. तोच आकडा ८०० झाला तर रेझिनला ४० उचलावे लागतात, म्हणजे ते चौपट वेगाने संपते. शिवाय कूपनलिकेच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू पुष्कळ विरघळलेला असतो. पटल वायूला अडवत नाही आणि टीडीएस मोजणाऱ्या यंत्रावरही तो जवळजवळ दिसत नाही. रेझिन मात्र तो शोषून घेते आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होते. नळाचे पाणी एका पिंपात घेऊन त्यात रात्रभर हवेचे बुडबुडे सोडले आणि मग ते दाबाच्या पंपाने यंत्रात ढकलले, तर रेझिनचे आयुष्य वाढते. उपाय स्वस्त आहे, फक्त जागा हवी.

रेझिन संपत आले की प्रथम सिलिकेटसारखे दुर्बळपणे बांधलेले आयन सुटू लागतात. आकडा शून्यावरून एक-दोनवर जातो तेव्हाच मणी बदलावेत. पाच-दहाची वाट पाहू नये.

या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी हा वेगळा प्रश्न आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी सांडपाण्याच्या नळीने जाते. गुरुग्राममधील भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून कितीतरी अधिक असून केंद्रीय भूजल प्राधिकरणाने हे क्षेत्र नियंत्रणाखाली आणलेले आहे. घरगुती आरओ यंत्रांच्या या अपव्ययाची दखल राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये घेतली होती. किमान ६० टक्के पाणी उपयोगात यावे, असे त्याने सांगितले होते. वीस लिटर शुद्ध पाण्यामागे वाया जाणारे साठ-ऐंशी लिटर पाणी बादल्यांत धरून फरशी पुसणे, शौचालय आणि गाडी धुणे यांसाठी वापरता येते. क्षार वाढलेले असल्याने कुंड्यांना मात्र ते रोज घालू नये.

पाण्यात मीठ, मिठात पाणी नव्हे

मिश्रणाची कृती वरकरणी सरबतासारखी सोपी आहे. तिचा क्रम मात्र उलटता येत नाही. आधी पाणी, त्यात लहान पंप सुरू, आणि मग थोडे थोडे मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतले तर पहिल्या काही लिटरांतच सगळे क्षार दाटीवाटीने विरघळू पाहतात. कॅल्शियम आणि कार्बोनेट एवढ्या जवळ आले की त्यांची गाठ पडते आणि चुन्यासारखा पांढरा साका तळाशी बसतो. तो पुन्हा विरघळत नाही. लवणता मोजली तर आकडा बरोबर येतो, पण प्रवाळाला हवे असलेले कॅल्शियम आणि पाण्याचा सामू सावरून धरणारी अल्कलिनिटी दोन्ही घटलेल्या असतात.

गरम पाण्यात मीठ लवकर विरघळेल, हा समजही येथे फसवतो. साखर-मीठ उष्ण पाण्यात अधिक विरघळते. चुन्याचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे वागणे उलटे आहे. पाणी जितके तापेल तितका त्याचा साका अधिक. गीझरमध्ये थर जमतो तो याच कारणाने. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा गच्चीवरील टाकीचे पाणी हाताला सोसत नाही. त्या पाण्यात थेट मीठ घालू नये. ते घरात आणून पंचवीस अंशांच्या आसपास उतरू द्यावे. जानेवारीत उलट अडचण येते. थंडगार पाण्यात मीठ सावकाश विरघळते, तेव्हा हीटरने पाणी त्याच तापमानाला आणून घ्यावे.

किती मीठ घालायचे याचे उत्तर पिशवीवर छापलेले असते, पण ते अंदाजापुरतेच. समुद्राची लवणता ३५ असली तरी प्रतिलिटर ३५ ग्रॅम घालून भागत नाही, कारण कोरड्या मिठाच्या स्फटिकांत पाण्याचा अंश अडकलेला असतो. बहुतेक मिश्रणांना लिटरमागे ३६ ते ४० ग्रॅम लागतात. वाटीने किंवा पेल्याने मोजण्याऐवजी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत बराच फरक पडतो.

मीठ ठेवण्याचीही रीत आहे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडे हवेतील बाष्प ओढून घेतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली तर मिठाला पाणी सुटते आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. हा दगड फोडून वापरला तरी दोन चुका होतात. वजनात पाण्याचा भाग येतो, आणि पिशवीच्या आतच कॅल्शियम व कार्बोनेटची गाठ पडलेली असते. लोणच्याच्या बरणीइतकी काळजी घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ ठेवणे हाच उपाय होय. लांबच्या वाहतुकीत पिशवीतील बारीक कण खाली आणि जाडे वर होतात. म्हणून मोठी पिशवी फोडण्यापूर्वी ती जमिनीवर चार-सहा वेळा लोळवून घ्यावी.

पाणी पूर्ण स्वच्छ दिसू लागले म्हणजे मिश्रण झाले असे नाही. काही मिश्रणे दोन तासांत तयार होतात, तर काहींना दिवसभर लागतो. या काळात पाण्याचा पृष्ठभाग हलता राहावा, म्हणजे हवेशी वायूंची देवाणघेवाण होऊन सामू ८.१ ते ८.३ च्या दरम्यान स्थिर होतो. हिवाळ्यात धुरक्यामुळे घरोघरी खिडक्या बंद असतात. माणसांच्या श्वासाने खोलीतील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा सामू खाली राहतो. अशा वेळी रसायने ओतण्याची घाई न करता थोडा वेळ खिडकी उघडून पाहावी, अर्थात बाहेरची हवा त्या योग्यतेची असेल तर.

मोजमापातील फसगत

समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंश तापमानाला सुमारे १.०२६ असते. ते मोजण्यासाठी मिळणारी स्वस्त प्लास्टिकची काट्याची मापके एका बुडबुड्यानेही चुकतात. काटा बुडबुड्यासह वर उचलला जातो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर हे साधन त्याहून विश्वासार्ह आहे. त्यातही एक खोच आहे. बाजारातील कित्येक रिफ्रॅक्टोमीटर खाद्यउद्योगातील मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात. त्यांवर खरे समुद्रजल सुमारे दीड एकक अधिक खारे दिसते. शुद्ध पाण्याने शून्य जुळवले तरी ही चूक जात नाही, कारण चूक शून्यापाशी नसून पट्टीच्या वरच्या भागात आहे.

यावर उपाय म्हणजे ३५ लवणतेचे प्रमाणित द्रावण घेऊन साधन त्यावर जुळवणे. ते उपलब्ध नसल्यास ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. या द्रावणातून प्रकाश जितका वळतो तितकाच तो ३५ लवणतेच्या समुद्रजलातून वळतो. साधनावर हे द्रावण ३५ दाखवील असे जुळवले की काम झाले.

लवणतेखेरीज तीन मोजमापे नव्या पाण्यात अधूनमधून घ्यावीत. कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी सात ते नऊ जर्मन अंश या मर्यादांत असावी. नैसर्गिक समुद्राची अल्कलिनिटी सातच्या आसपास असते. काही मिश्रणे ती मुद्दाम अकरा-बारापर्यंत ठेवतात. असे पाणी एकदम मोठ्या प्रमाणात पेटीत गेले तर प्रवाळांना धक्का बसतो आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, ते साठवणुकीतही टिकत नाही.

साठवण

तयार पाणी साठवण्यासाठी अन्न साठवण्यायोग्य प्लास्टिकचे, झाकणाचे पिंप उत्तम. रंग, तेल किंवा कीटकनाशक यांचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याची कळशी उत्तम मानली जाते. या पाण्याला मात्र तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली क्षणभरही लागू देऊ नये. खारे पाणी धातू खाते आणि तो धातू पेटीत जातो. पितळी तोटीचा नळ पिंपाला बसवण्याची चूक अनेकदा घडते. तेथे प्लास्टिकचीच तोटी हवी.

वजनाचाही विचार करावा. शंभर लिटर समुद्रजल साडेएकशेदोन किलो भरते. निवासी खोल्यांची जमीन आपल्या बांधकाम मानकानुसार प्रतिचौरस मीटर सुमारे दोनशे किलो भार सरासरीने धरून आखली जाते. त्यामुळे दोनशे लिटरची दोन पिंपे शेजारीशेजारी खोलीच्या मध्यभागी ठेवण्यापेक्षा भिंतीच्या कडेला, तुळईजवळ ठेवावीत. बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला तर मुळीच ठेवू नयेत.

पिंप अंधारात असावे, कारण प्रकाश मिळाला की त्यात शेवाळ धरते. झाकण घट्ट असावे, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते. आठवडाभर उघड्या राहिलेल्या पिंपातील पाणी पेटीत ओतण्यापूर्वी लवणता पुन्हा न मोजणारा माणूस नकळत अधिक खारे पाणी ओतत असतो. पाणी सतत घुसळावे की स्थिर ठेवावे, याबाबत मिश्रणानुसार उत्तर बदलते. नैसर्गिक समुद्राच्या जवळची अल्कलिनिटी असलेले पाणी झाकून काही आठवडे चांगले राहते. अल्कलिनिटी जास्त असलेल्या मिश्रणांत मात्र पंप आणि हीटर दिवसेंदिवस चालू ठेवल्यास भिंतींवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा खर धरतो. तो खर म्हणजे पाण्यातून निसटलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट. अशी मिश्रणे चोवीस तासांत वापरून टाकावीत. कोणत्याही स्थितीत, वापरण्यापूर्वी तासभर पंप लावून पाणी हलवून घ्यावे आणि त्याचे तापमान पेटीच्या तापमानाशी एक-दोन अंशांच्या आत जुळवावे.

मिठाचा स्वभाव रांगण्याचा आहे. झाकणाच्या फटीतून, पंपाच्या वायरवरून ते पांढऱ्या कणांच्या रूपाने वर चढते आणि ओलसर झाले की वीज वाहू लागते. वायर प्लगकडे जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या तळातून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. या जोडणीवर ईएलसीबी असणे अनिवार्य समजावे.

दोन पिंपे का लागतात

खाऱ्या पाण्याच्या पिंपाशेजारी तेवढ्याच निगुतीने राखलेले शुद्ध गोड्या पाण्याचे दुसरे पिंप असते. नवख्या माणसाला त्याचे प्रयोजन कळत नाही आणि उन्हाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. लू वाहू लागली की हवेतील कोरडेपणामुळे आणि पेटीवर लावलेल्या पंख्यांमुळे दोनशे लिटरच्या पेटीतून दिवसाला चार लिटर पाणी सहज उडू शकते. मीठ उडत नाही. आठवडाभर भर घातली नाही तर २८ लिटर पाणी कमी होऊन लवणता ३५ वरून ४० च्या पुढे जाते. आणि ही घट खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर रोज १४० ग्रॅम मीठ वाढत जाऊन दहा दिवसांत लवणता ४२ होते. पाण्याची पातळी मात्र रोज अगदी जागच्या जागी दिसते. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानेच घालायची असते. खारे पाणी लागते ते फक्त काढून टाकलेल्या खाऱ्या पाण्याच्या बदल्यात.

लवणता चुकून वाढलीच तर ती एका दिवसात पूर्वपदावर आणू नये. दिवसाला एका एककापेक्षा अधिक उतार अपृष्ठवंशी जीवांना सोसत नाही. लवणता कमी झाली असल्यास, उदाहरणार्थ शंभर लिटर पाण्यात ३३ आढळल्यास, सुमारे सव्वादोनशे ग्रॅम मीठ लागते. ते पेटीत कोरडे न टाकता वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालावे.

उन्हाळ्यातील वीजकपात ही या शहरातील आणखी एक कसोटी आहे. पंप थांबला की गरम पाण्यातील प्राणवायू काही तासांत संपू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप अशा वेळी दिव्यांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. माशांनी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडली तर साठवणीतील हलवलेल्या, थंड पाण्याने पेटीचा पाचवा हिस्सा सावकाश बदलता येतो. म्हणून मे आणि जून या दोन महिन्यांत खाऱ्या पाण्याचे पिंप अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये आणि त्यावर मिश्रणाची तारीख व लवणता लिहिलेली चिठ्ठी लावावी. वीज जाते तेव्हा मापक शोधायला बहुधा अंधार झालेला असतो.